काटा रुतला आणि पेशी धावल्या

इलिया मेचनिकॉफ हे नाव आपल्या कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. जन्म १८४५, खारकीव्हजवळ, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये. हुशार, पण भयंकर हळवा माणूस. १८७३ मध्ये पहिली बायको टीबीने गेली, तेव्हा त्यांनी मॉर्फीन घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचले, हे आपलं नशीब!

१८८२ मध्ये ओडेसाच्या युनिव्हर्सिटीतली नोकरी सोडून ते सिसिलीतल्या मेसिना गावी गेले. एक दिवस घरची मंडळी सर्कशीला गेली आणि हे मायक्रोस्कोपपाशी बसले. स्टारफिशचं पिल्लू काचेसारखं आरपार दिसतं. बागेतल्या गुलाबाचे काटे त्यांनी त्या पिल्लांना टोचले. उत्सुकतेने रात्रभर झोप नाही. सकाळी बघतात तर फिरत्या पेशींनी काट्याला घेराव घातलेला! आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही हेच करतात, जंतू गिळतात, असं त्यांनी मांडलं. खूप जणांनी विरोध केला. पुढे १८८८ मध्ये पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट, १९०८ मध्ये एर्लिक यांच्यासोबत नोबेल. मुंबईत प्लेगची लस बनवून १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी. म्हातारपणी मेचनिकॉफ आंबवलेल्या दुधाच्या प्रेमात पडले, आयुष्य वाढतं म्हणायचे. (मेसचं दही त्यांनी खाल्लं नव्हतं.) १९१६ मध्ये ते पॅरिसमध्येच गेले.

मला हे सगळं शोधावं लागलं, कारण आमच्या विंगमधला एक सीनिअर नगर-मनमाड रोडवर बाईकवरून पडला. मज्जारज्जूला मार. डॉक्टर सारखे सूज म्हणत होते. ती सूज म्हणजे बऱ्याच अंशी ह्याच पेशी. काही तासांत न्यूट्रोफिल येतात, दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज. मेलेला कचरा उचलतात, ते हवंच. पण त्यांची रसायनं शेजारच्या चांगल्या नसाही जाळतात, आणि मॅक्रोफेज तर महिनोन् महिने तिथेच ठाण मांडतात. मग त्यांना थोपवायचं का? १९९० नंतर जास्त डोसचं स्टेरॉइड खूप दिलं गेलं, पण २०१३ मध्ये अमेरिकन न्यूरोसर्जन लोकांनी नको म्हणून सांगितलं. फायदा सिद्ध होईना, इन्फेक्शनसारखे धोके मात्र खरे. कुठली पेशी कधी थांबवायची आणि कुठली राहू द्यायची, ह्यावर अजून संशोधन चालू आहे.

सीनिअरची फिजिओथेरपी रोज असते. डाव्या पायाचा अंगठा हलतो. उजवा अजून नाही.