धोंडीबाला बोलू द्या!

गेल्या २८ नोव्हेंबरला राष्ट्रपिता जोतीराव फुले यांच्या स्मृतिदिनाच्या एका सभेला आम्ही हजर होतो. सभा तीन तास चालली. सात वक्ते झाले, सात शाली झाल्या. सभा संपता संपता मागच्या रांगेतला कॉलेजात शिकणारा एक मुलगा उभा राहिला. जोतीरावांनी आर्यांविषयी जे लिहिले ते बाबासाहेबांना मान्य होते काय, एवढेच त्याला विचारायचे होते. प्रश्न पुरता तोंडातून बाहेर पडण्याआधीच त्याला खाली बसवण्यात आले. वेळ नाही, असे कारण सांगितले गेले. एकाने तर हा कोणाचा माणूस आहे, याची चौकशीही सुरू केली. आम्ही घरी परतलो ते अस्वस्थ होऊनच. ज्या महापुरुषाच्या प्रतिमेला हार घालून ही सभा सुरू झाली होती, त्याने आपली महत्त्वाची पुस्तके लिहिताना आधी प्रश्न विचारणारा माणूस समोर बसवला आणि मगच लेखणी उचलली, याची आठवण त्या मंचावर कोणालाच कशी झाली नाही?

जोतीरावांचे चरित्र आपल्या वाचकांना नवे नाही. जन्म ११ एप्रिल १८२७ चा. आई चिमणाबाई लवकर गेली आणि सगुणाबाईंनी बाळाला वाढवले. या सगुणाबाई मिशनऱ्याच्या घरी काम करीत. माळ्याच्या पोराला शिकवून काय करायचे, असे एका ब्राह्मण कारकुनाने गोविंदरावांच्या कानी घातले आणि जोतीबाची शाळा सुटली. ती पुन्हा सुरू झाली कशी? शेजारचे गफारबेग मुन्शी आणि लिजीटसाहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली म्हणून. १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. हिंदू बापाला एका मुसलमानाने आणि एका ख्रिस्ती माणसाने समजावले, बापाने ते ऐकून घेतले आणि त्यातून आपल्याला जोतीराव मिळाले. दोन धर्मांची माणसे एकमेकांशी बोलली तर काय घडू शकते, याचा पहिला अनुभव त्यांना चौदाव्या वर्षीच आला होता.

पुढे १८४८ साली ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत झालेला अपमान, त्याच वर्षी भिडेवाड्यातली मुलींची शाळा, १८४९ मध्ये बापाच्या घरातून बाहेर पडणे, उस्मान शेख यांनी दिलेला आसरा, हे सारे सर्वांना पाठ आहे. १८५६ साली नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात सावित्रीमाई फातिमाची आठवण काढतात, तिच्यावर कामाचा भार पडत असेल म्हणून हळहळतात. हे घर एका धर्माच्या भिंतीत कधी मावलेच नाही.

त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. वेद वाचण्याचा अधिकारच नसेल तर आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल होता. वय वर्षे चौदा. ज्या शाळेतली पोर थेट ईश्वराला प्रश्न विचारते, त्या शाळेत गुरुजी आणि बाई मुलांना नुसते पाठांतर शिकवत नसणार, हे सांगायला संशोधक लागत नाही.

त्याच १८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. जोशी येतो, गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो, तिच्या नवऱ्याकडून पैसे आणि जेवणावळी उकळतो. मग पाद्री भेटतो आणि बोलणे सुरू होते. मधे मधे विदूषक तोंड घालतो. कुणबी आधी भोळा आहे, पण ऐकता ऐकता विचारू लागतो. आता शेवट पाहा. हे जोडपे चर्चमध्ये जात नाही, ते रात्रीच्या शाळेत शिकायला निघते! जोतीरावांना पाद्र्यांचा हस्तक ठरवणाऱ्यांनी, निबंधमालेतून त्यांच्या मराठीची टिंगल करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आजच्या वारसांनी, हा शेवट एकदा वाचावा. पाद्र्याशी बोलायचे, त्याचे पटेल ते घ्यायचे आणि आपल्या वाटेने जायचे, ही ताकद त्या कुणब्यात आहे. नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले होते. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांपुढे ते टिकले नाही. छापून यायला १९७९ साल उजाडावे लागले.

जोतीरावांवर मारेकरी घातल्याची हकिकत चरित्रकारांनी सांगितली आहे. मध्यरात्री दोघे शस्त्रे घेऊन घरात शिरले. जोतीरावांनी त्यांना आरडाओरड न करता विचारले, कोण आहात, का आलात, मला मारून तुम्हाला काय मिळणार. त्यांनी खरे कारण सांगितले. त्यांतला धोंडीराम कुंभार पुढे शिकून पंडित झाला, सत्यशोधकांचा आधार झाला. अंगुलीमालाची कथा ज्यांनी विहारात ऐकली आहे त्यांना यात काय साम्य आहे ते आम्ही सांगायला नको.

आता ‘गुलामगिरी’कडे येऊ. १८७३ सालचे हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलेले आहे, हे प्रत्येक भाषणात सांगितले जाते. ते कसे लिहिले आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. धोंडीबा विचारतो आणि जोतीबा सांगतो. धोंडीबा शंका काढतो, अडवतो, कधी हसतो, पटले नाही तर पुन्हा विचारतो. सोळा भाग असे चालतात.

हे का केले असेल? आमच्या मते उत्तर पुराणाच्या बैठकीत आहे. पुराणिक उंच बसतो, श्रोता खाली बसतो. पुराणिक सांगतो, श्रोता मान डोलावतो. मासा झाला, कासव झाले, डुक्कर झाले, खांबातून सिंह निघाला, बटूने तीन पावलांत पृथ्वी घेतली. कथा रंगते, आरतीचे ताट फिरते आणि गुलामी डोक्यात भिनते. या कथांना नुसत्या शिव्या देऊन त्या मरत नाहीत. जोतीरावांनी एकच बदल केला, मान डोलावणाऱ्या श्रोत्याला तोंड दिले. ब्रह्मदेवाच्या तोंडातून ब्राह्मण, बाहूतून क्षत्रिय, मांडीतून वैश्य आणि पायातून शूद्र जन्मले म्हणता, तर मग त्याला चार ठिकाणी गर्भाशय होते काय, महिन्याचा विटाळ तो चारही जागी पाळत होता काय, अशी शंका एकदा निघाली की कथेचा डोलारा उरतो कुठे? ही शंका काढायला संस्कृत लागत नाही, घरात बाई असली म्हणजे पुरते.

बळीराजाचे प्रकरण तर याहून मोठे आहे. पुराणिकाच्या कथेत बळी पाताळात गाडला जातो आणि कथा संपते. जोतीबा धोंडीबाला त्याच्या स्वतःच्या घराची आठवण देतात. सणाला ओवाळताना आया-बहिणी बळीचे राज्य यावे असे का म्हणतात? ज्याचा पराभव झाला, जो दैत्य ठरला, त्याचे राज्य कोण कशाला मागेल? उत्तर ऐकणाऱ्याच्याच घरात पडून होते, फक्त कोणी त्याला विचारले नव्हते. खंडोबा, म्हसोबा, जोतीबा ही खेड्यापाड्यांतली दैवते बळीच्या राज्याचे कारभारी म्हणून धोंडीबापुढे उभी राहतात. इतिहास म्हणून यातले सगळे टिकेल असे नाही. पण आपल्या देवळातल्या दगडाकडे निराळ्या नजरेने पाहायला शिकलेला तो शेतकरी पुन्हा पूर्वीसारखा मान डोलावणार नव्हता.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि २५ डिसेंबरला भटाशिवाय पहिले लग्न लागले. जोतीरावांनी रचलेली मंगलाष्टके आमच्या वाचकांपैकी अनेकांनी मांडवात ऐकली असतील. ब्राह्मणी लग्नात भट बोलतो, नवरा-नवरीला त्यातले काही कळत नाही. येथे नवरा-नवरीच एकमेकांशी बोलतात, तेही मराठीत. नवरी स्त्रियांचे हक्क मागते, नवरा ते देण्याची शपथ घेतो, मगच फुले पडतात. लग्नाच्या मांडवात बाईला तोंड उघडू देणारा हा माणूस किती दूरचे पाहत होता! आजही आपल्यातल्या किती लग्नांत नवरी एक शब्द तरी बोलते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

मात्र संवाद म्हणजे वाटेल त्याच्या पंक्तीला बसणे नव्हे. १८७५ साली स्वामी दयानंद पुण्यात आले. सनातन्यांनी त्यांच्या मिरवणुकीची टर उडवायला गाढवाची मिरवणूक काढली, दंग्याचे वातावरण झाले. न्यायमूर्ती रानड्यांनी मदत मागितली तेव्हा जोतीराव आपली माणसे घेऊन मिरवणुकीत सामील झाले. दयानंद वेदांना प्रमाण मानणारे, जोतीराव वेद झुगारणारे. तरीही बोलणाऱ्याला बोलू दिले पाहिजे म्हणून ते उभे राहिले. दहा वर्षांनी, १८८५ साली, त्याच रानड्यांनी ग्रंथकार सभेचे निमंत्रण धाडले तेव्हा जोतीरावांनी नकार दिला. जे आम्हाला माणूस म्हणून हक्क द्यायला तयार नाहीत त्यांच्या सभेत आमचे मिसळून काय होणार, असा त्यांचा रोख होता. काही विद्वानांना यात विसंगती दिसते, आम्हाला दिसत नाही. समोरच्याचा जीव धोक्यात असेल तर त्याचा हक्क राखायचा. पण समोरचा वर आणि आपण खाली अशी बैठक असेल तर तो संवाद नसतो, शोभा असते. सर्वधर्म परिषदांच्या मंचावर भगवे, हिरवे, पांढरे वस्त्र शेजारी शेजारी बसवून फोटो काढणाऱ्यांना तेथे कोणी जातीचा प्रश्न विचारू दिलेला आम्ही पाहिलेला नाही.

१८८८ च्या मे महिन्यात मुंबईकरांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली आणि जुलैत अर्धांगवायूने उजवा हात गेला. मग डाव्या हाताने लिहिणे सुरू झाले. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्या हाताचे आहे. अंथरुणावरचा माणूस उपदेश लिहून मोकळा झाला असता, त्याला कोण दोष देणार होते? पण येथेही प्रश्न विचारणारे आहेत, बळवंतराव साकवळकर आहेत, मुलगा यशवंतही आहे. आणि त्यात ते एक घर आहे. त्या घरातल्या बाईने बौद्ध ग्रंथ वाचून पटल्यास बौद्ध व्हावे, तिच्या नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्मी व्हावे आणि कोणी कोणाचा द्वेष न करता एका कुटुंबात राहावे. प्रत्येकाने आधी वाचायचे आहे, आपल्या मर्जीने ठरवायचे आहे. नवऱ्याचा धर्म तो बायकोचा, ही अट सुद्धा येथे नाही. दोन धर्मांच्या मुलामुलीने लग्न केले म्हणून खून पडतात आणि धर्मांतराविरुद्ध कायदे होतात, अशा देशात हे पान शाळेच्या पुस्तकात का येत नाही ते उघड आहे.

या कुटुंबात बुद्धाला जागा देणाऱ्या जोतीरावांच्या हाती बुद्ध फारसा लागला नव्हता. केळुसकर गुरुजींचे बुद्धचरित्र १८९८ सालचे, आणि जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजीच गेले. पुस्तक छापलेले त्यांनी पाहिले नाही, ते १८९१ मध्ये यशवंतने काढले. केळुसकरांचे ते चरित्र पुढे विद्यार्थी भीमरावाच्या हाती पडले, तो इतिहास वेगळा.

राहिला त्या मुलाचा प्रश्न. त्याचे उत्तर सभेत द्यायला दोन मिनिटे पुरली असती. बाबासाहेबांनी १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो महात्मा फुल्यांना अर्पण केला. आर्य बाहेरून आले आणि त्यांनी येथल्या लोकांना जिंकून शूद्र केले, हा सिद्धांत त्याच ग्रंथात त्यांनी पुरावे तपासून नाकारला. जोतीरावांच्या मांडणीचा पाया तर तोच होता! म्हणजे शिष्याने गुरूच्या चरणी ग्रंथ ठेवला आणि त्याच ग्रंथात गुरूशी मतभेद मांडला. पुढे जाऊन पाहा. जोतीरावांचा धर्म निर्मिकाला मानतो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जो धम्म दिला त्यात निर्मिकाला जागा नाही. तरी बुद्ध आणि कबीर यांच्या बरोबरीने तिसरे गुरू म्हणून त्यांनी जोतीरावांचेच नाव घेतले. यात ना गुरू लहान झाला, ना शिष्य. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला संशयाने पाहणाऱ्या आमच्या मित्रांनी हा ग्रंथ कपाटातून काढून त्याची अर्पणपत्रिका आणि आतली प्रकरणे एका बैठकीत वाचावीत.

आमच्या वस्तीच्या विहारात येत्या रविवारी संध्याकाळी ‘गुलामगिरी’चे वाचन ठेवले आहे. भाषण नाही, शाल नाही. जोतीबाचा भाग एक निवृत्त गिरणी कामगार वाचतील. धोंडीबाचे प्रश्न सातवीतली एक मुलगी वाचणार आहे. तिने आतापासूनच आपले दोन प्रश्न वहीत जादा लिहून ठेवले आहेत, आणि ते पुस्तकात नाहीत.