बाळू पालवणकर

क्रिकेटच्या मैदानावर फलंदाजाने एक सुरेख फटका मारला, की टाळ्यांचा कडकडाट होतो. ज्या खेळपट्टीवर तो फटका मारला गेला, ती झाडूनपुसून सिद्ध करणाऱ्याची आठवण मात्र सहसा कोणाला होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या एका मैदानावर असाच एक मुलगा खेळपट्टी झाडण्याचे काम करीत असे. पुढे तोच मुलगा हिंदुस्थानातील अग्रगण्य गोलंदाज म्हणून नावाजला गेला. त्याचे नाव बाळू पालवणकर.

बाळूचा जन्म इ. स. १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. पालवणकर हे घराणे मूळचे कोकणातले. ते चर्मकार समाजातील असल्यामुळे त्या काळच्या रूढीप्रमाणे अस्पृश्य मानले जाई. वडील लष्करात नोकरीस होते. त्यांच्या नोकरीमुळे हे कुटुंब पुण्यास आले. तेथे गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट खेळू लागले.

घरची गरिबी असल्यामुळे बाळूला लहान वयातच काम धरावे लागले. पुण्यातील पारशी खेळाडूंच्या मैदानावर खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रूळ फिरवणे हे त्याचे पहिले काम. त्याबद्दल त्याला महिना ३ रुपये मिळत. इ. स. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात नोकरीस लागला. तेथे पगार ४ रुपये होता. खेळपट्टी तयार करावी, सरावासाठी जाळ्या उभाराव्यात, टेनिसचे मैदान आखून द्यावे, अशी त्याची दिवसभराची कामे असत. त्या काळी क्रिकेट ही बहुधा सधन लोकांची करमणूक होती. बाळूला मात्र ते पोटासाठी करावयाचे काम होते.

क्लबातील ट्रॉस नावाच्या गृहस्थांनी एके दिवशी बाळूला जाळीत गोलंदाजी करण्यास सांगितले. बाळू डावखुरा होता. त्याचा चेंडू संथ गतीने येई. परंतु टप्पा पडताच तो अशा काही रीतीने वळे, की फलंदाज फसून जाई. हे पाहून क्लबातील खेळाडू सरावासाठी त्याला वारंवार बोलावू लागले. त्यांत कॅप्टन जे. जी. ग्रेग हे नामांकित फलंदाज होते. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करीत. बाळूने आपल्याला बाद केले, की दर वेळी ते त्याला आठ आणे देत, असे सांगतात. महिन्याकाठी चार रुपये मिळवणाऱ्या मुलाला आठ आण्यांचे मोल केवढे वाटत असेल! या नित्याच्या सरावामुळे ग्रेग यांची फलंदाजी सुधारली आणि बाळूची गोलंदाजीही धारदार झाली. मात्र तेथे त्याने केवळ चेंडू टाकावा, हाती बॅट धरू नये, अशीच सर्वांची अपेक्षा असे.

बाळूच्या कौशल्याची कीर्ती हळूहळू पुणे शहरात पसरली. तेथील हिंदू खेळाडूंचा संघ युरोपियनांशी सामने खेळत असे. त्या संघाला अशा गोलंदाजाची फार गरज होती. परंतु त्याला संघात घ्यावे की नाही, यावर मोठा वाद माजला. कित्येक सनातनी सभासदांना अस्पृश्याबरोबर खेळणे मान्य नव्हते. इतर काही सभासदांनी मात्र त्याची बाजू धरली. अशा गुणी खेळाडूला दूर ठेवणे म्हणजे स्वतःचेच नुकसान करून घेणे होय, असे मत ग्रेग यांनीही प्रसिद्ध केले. अखेर बाळूंना संघात स्थान मिळाले.

मैदानावर बाळूंच्या हातचा चेंडू सर्वजण हाती घेत. त्यात कोणाला विटाळ वाटत नसे. मात्र चहाची वेळ झाली, की चित्र पालटे. इतर खेळाडू तंबूत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत. बाळूंना तो तंबूबाहेर मातीच्या बोळक्यात दिला जाई. जेवणाच्या वेळीही त्यांचे पान निराळे मांडले जाई. ज्याच्या बळावर सामना जिंकावयाचा, त्यालाच असे दूर बसवावयाचे, ही केवढी विसंगती! बाळूंनी हे सारे मुकाट्याने सोसले. त्यांचे उत्तर त्यांच्या गोलंदाजीतून मिळे.

पुणेकर हिंदूंनी बाळूंच्या साहाय्याने पुण्यातील युरोपियनांचा पराभव केला. पुढे साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याशी त्यांचा सामना ठरला. ओबडधोबड खेळपट्टीवर चेंडू अधिक वळतो आणि घट्ट, गुळगुळीत खेळपट्टीवर तो सरळ येतो. हे जाणून सातारकरांनी खेळपट्टीवर कित्येक दिवस रूळ फिरवून ठेवला होता. परंतु स्वतः वर्षानुवर्षे रूळ फिरवणाऱ्या बाळूंना खेळपट्टीचे गुणदोष कोणी शिकवावयाचे? त्यांनी ७ गडी बाद केले आणि पुणेकरांनी तो सामना सहज जिंकला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचा जाहीर गौरव केला. बाळूंबरोबर खेळता येते, तर त्यांच्याबरोबर खाण्यापिण्यासही हरकत नसावी, असे त्यांनी खेळाडूंना सांगितले.

पुढे प्लेगच्या साथीच्या काळात बाळू मुंबईस गेले. तेथील हिंदू जिमखान्यातही प्रारंभी काही सभासदांनी विरोध केला. परंतु त्यांच्या गुणांपुढे तो टिकला नाही. हळूहळू सहकारी त्यांच्या पंक्तीस बसून जेवूही लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांच्यात महत्त्वाचा सामना झाला. हिंदूंनी तो १०९ धावांनी जिंकला. त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता आणि त्यांचे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. इ. स. १९११ मध्ये हिंदी संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी एकंदर ११४ बळी घेतले.

एवढे यश मिळवूनही हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंना कधी लाभले नाही. तो मान इ. स. १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. जे दार थोरल्या भावाने आयुष्यभर ठोठावले, ते धाकट्यासाठी उघडले.

अस्पृश्यता नष्ट करणारी भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली, तेव्हा बाळू हयात होते. ४ जुलै १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. खेळपट्टी झाडता झाडता त्यांनी एक विद्या आत्मसात केली आणि तिच्या बळावर तंबूबाहेरच्या माणसाला तंबूत मानाने बसण्याचा हक्क आहे, हे समाजास दाखवून दिले.