चिमाजी आप्पा

ठाणे शहरातून निघून खाडीच्या बाजूबाजूने जाणाऱ्या रस्त्याला घोडबंदर रोड म्हणतात. या रस्त्याच्या वाटेवर, खाडीच्या काठी, एक जुना किल्ला आहे. परदेशांतून आणलेले घोडे या बंदरात उतरत, म्हणून त्या गावास घोडबंदर हे नाव पडले, असे सांगतात. अठराव्या शतकाच्या आरंभी हा किल्ला, ठाणे, साष्टी बेट आणि वसई हा सारा मुलूख पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. तो ज्यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी जिंकून घेतला, ते सेनानी म्हणजे चिमाजी आप्पा.

चिमाजी आप्पा हे थोरल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू. त्यांची प्रकृती नाजूक होती. परंतु माणसांची पारख करण्यात त्यांचा हातखंडा होता. कोणते काम कोणाच्या हातून उत्तम होईल, हे ते अचूक हेरीत.

पोर्तुगिजांचे किल्ले भक्कम होते, तोफखाना मोठा होता आणि भोवती खाड्यांचे जाळे पसरले होते. देशावरील घोडेस्वारांना हा प्रदेश अपरिचित होता. म्हणून आप्पांनी भिवंडीजवळच्या अंजूर गावच्या गंगाजी नाईकांना विश्वासात घेतले. गंगाजी व त्यांचे बंधू यांना तेथील वाटा, खाड्यांचे उतार व माणसे यांची खडान्‌खडा माहिती होती. सन १७३७ च्या मार्च महिन्यात, ठाण्याच्या किल्ल्याचे बांधकाम अपुरे असतानाच, मराठ्यांनी तो रात्री छापा घालून घेतला. त्याच वर्षी घोडबंदरचा किल्लाही मराठ्यांच्या हाती आला.

वसई मात्र सहजासहजी पडेना. पहिले हल्ले फसले. इतर मोहिमांमुळे आप्पांना स्वतः सदैव कोकणात राहणे शक्य नव्हते. ते दूर असताना शंकराजी केशव फडके यांनी कोकणातील काम नेटाने चालू ठेवले. अपयश आले म्हणून आप्पांनी त्यांना दूर सारले नाही. उलट अधिक सैन्य व सामग्री पुरविली. समुद्राची बाजू सांभाळण्यासाठी त्यांनी मानाजी आंगऱ्यांचे आरमार मदतीस घेतले. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे हेही आपापल्या फौजांसह येऊन मिळाले.

सन १७३९ च्या जानेवारीत तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव हा शूर सरदार कामी आला. तो आप्पांचा जिवलग होता. एवढ्या धामधुमीतही आप्पांनी त्याच्या वृद्ध मातेस सांत्वनाचे पत्र लिहिले. आपला माणूस पडला, तर त्याच्या घरच्यांचे दुःख आपलेच आहे, असे ते मानीत. म्हणूनच सैनिक त्यांच्या शब्दाखातर जिवावर उदार होत.

पुढच्याच महिन्यात वसईला वेढा पडला. किल्ल्याच्या दोन बाजूंना समुद्र व खाडी, एका बाजूला दलदल. जमिनीवरून हल्ला करण्यास उत्तरेची वाळूची पट्टीच काय ती मोकळी. त्या वाळूत मराठ्यांनी तोफांच्या माऱ्याखाली सुरुंग खणले. मे महिन्यात ते उडविण्यात आले. परंतु काही सुरुंग वेळेवर पेटले नाहीत. ते मागाहून उडाले आणि तटाकडे धावलेले आपलेच अनेक वीर ठार झाले. तरीही कोणी माघार घेतली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढाई झाली. अखेर पोर्तुगिजांनी तहाची मागणी केली.

या विजयासाठी मराठ्यांचे हजारो लोक धारातीर्थी पडले होते. तथापि आप्पांनी सूड घेतला नाही. त्यांनी शत्रूस शस्त्रे व सामानसुमान घेऊन सन्मानाने बाहेर पडू दिले. पुढे वसईच्या सुभ्याचा कारभार शंकराजी केशव यांच्याकडेच सोपविण्यात आला.

सन १७४० च्या डिसेंबरात, वयाच्या ऐन उमेदीत, चिमाजी आप्पांचा अंत झाला. कोणी वाटाड्या, कोणी दर्यावर्दी, कोणी कारभारी, तर कोणी घोडेस्वार; अशी भिन्न गुणांची माणसे त्यांनी एका कार्यासाठी एकत्र आणली व प्रत्येकाच्या गुणाला वाव दिला. वसईचा विजय हे त्या सर्वांच्या एकजुटीचे फळ होते.