गुप्तरोगावर उघड बोलणारे र. धों. कर्वे

मादन हिप्परगा : गरमी हा शब्द आपल्याकडं अजूनही हळू आवाजातच घेतला जातो. पुस्तकी मराठीत उपदंश, जुन्या वैद्यांच्या पोथीत फिरंग रोग. पोर्तुगीज आले त्या काळात हा आजार इकडं आला, म्हणून फिरंग्यांचं नाव त्याला चिकटलं. ह्या आजारावर मराठीत पहिल्यांदा लाजलज्जा बाजूला ठेवून लिहिणाऱ्यांत रघुनाथ धोंडो कर्वे यांचं नाव घ्यावं लागतं. विशेष म्हणजे हा माणूस डॉक्टर नव्हता, गणिताचा प्राध्यापक होता.

जन्म १४ जानेवारी १८८२ चा. वडील महर्षी धोंडो केशव कर्वे. आई राधाबाई १८९१ मध्ये वारल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचे. पोरगं हुशार, १८९९ च्या मॅट्रिकला पहिलं आलं. पुढं फर्ग्युसन कॉलेज, मग गणित शिकवण्याची नोकरी. १९१९ साली ते पॅरिसला गेले.

त्या शहरानं हा आजार जवळून पाहिला होता. कथाकार मोपासाँ तिथल्याच वेड्यांच्या इस्पितळात १८९३ मध्ये गेला, वय अवघं ४२. आजार गरमीचाच, मेंदूपर्यंत पोचलेला. ह्या रोगाची चालच फसवी. आधी एक फोड, तो दुखत नाही. काही आठवड्यांत आपोआप बरा होतो आणि माणूस म्हणतो, गेलं एकदाचं. मग अंगावर, तळहातावर, तळपायावर चट्टे येतात, तेही जातात. त्यानंतर वर्षानुवर्षं काहीच नाही. दहा-वीस वर्षांनी काही जणांत तो काळजाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीत, मणक्यात, मेंदूत उगवतो. चाल बिघडते, भ्रम होतो, वेड लागतं. मरणाच्या वेळी जुन्या फोडाची आठवणही कुणाला नसते. गरोदर बाईकडून पोटातल्या लेकरालाही तो लागतो. बायकोची चूक नसताना ती आणि लेकरू दोघंही भोगतात.

बर्लिनमध्ये १९०५ साली ह्या रोगाचा जंतू सापडला, १९०६ मध्ये रक्ताची तपासणी आली, १९१० मध्ये सोमलापासून केलेलं साल्व्हर्सन हे औषध निघालं. त्याआधी सगळा भर पाऱ्यावर. आपल्याकडचे वैद्यही रसकापूर द्यायचे. पाऱ्यानं तोंड यायचं, दात हलायचे.

कर्वे परतले आणि १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर पुस्तकही लिहिलं. विल्सन कॉलेज मिशनऱ्यांचं, त्यांना हे पटणारं नव्हतं. १९२५ मध्ये नोकरी सुटली. दुसरा कुणी असता तर गप बसला असता. कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. पगार नाही, पुण्यामुंबईचे सनातनी खवळलेले. पत्नी मालतीबाई मात्र सोबत राहिल्या. दोघांनी मूल होऊ न देण्याचं ठरवलं होतं आणि ते पाळलं.

खटले झाले. पहिल्यात शंभर रुपये दंड. १९३४ च्या खटल्यात वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेली उत्तरं अश्लील ठरवली गेली. कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दोनशे रुपये दंड बसला. आज पाहिलं तर लोक विचारत होते ते घरात, शाळेत, दवाखान्यात कुठंच विचारता येत नव्हतं. विचारायला जागा नसली की रोगी भोंदूकडं जातो, हे तेव्हाही होतं आणि आताही आहे.

त्या काळी आपला आळंद भाग निजामाच्या राज्यात, मुंबई परकी. पण मासिक मराठीत होतं, आणि भाषेला सरहद्द नसते.

१९४३ मध्ये पेनिसिलिन ह्या रोगावर लागू पडतं हे दिसलं. सुरुवातीलाच कळलं तर आज एका इंजेक्शनवर काम भागतं, म्हणूनच गरोदर बाईचं रक्त तपासतात. पेनिसिलिनचे दिवस कर्व्यांनी पाहिले. मासिक त्यांनी शेवटपर्यंत चालवलं, तब्बल २६ वर्षं. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले. वडील महर्षी त्यांच्यानंतरही नऊ वर्षं जगले, १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. मुलाच्या वाट्याला सरकारकडून आले ते दंडच.