एदोआर्दो बियांकी

तुमच्यापैकी कितीतरी जण रोज सायकलवरून शाळेत येतात. मोठ्या माणसाच्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल मारीत, काहीजण सायकल शिकले असतील. चाके, साखळी, ब्रेक, घंटी यांच्याकडे आपले लक्ष जाते. पण ज्या चौकटीवर हे सारे बसवलेले असते, जिला आपण फ्रेम म्हणतो, तिच्याकडे आपण क्वचितच पाहतो. टायर झिजला तर नवा घालता येतो, चाक वाकले तर बदलता येते. पण फ्रेम मोडली की सायकलच गेली! पोलादी नळ्यांची फ्रेम हाताने घडवणे ही एक कला होती. या कलेमुळे ज्याचे नाव आजही घेतले जाते, अशा इटली देशातील एका माणसाची ही हकिकत आहे.

एदोआर्दो बियांकी याचा जन्म १७ जुलै १८६५ रोजी इटलीतील मिलान शहरात झाला. लहानपणीच तो पोरका झाला. अनाथ मूल, म्हणजे उर्दूत आपण ज्याला यतीम म्हणतो. मिलानमध्ये अशा मुलांसाठी मार्तिनित नावाचा जुना अनाथाश्रम होता. तेथे मुलांना लिहिण्यावाचण्याबरोबर एखादा हाताचा धंदाही शिकवीत. एदोआर्दोचा ओढा लोखंडकामाकडे होता. खेळण्याच्या वयात त्याच्या हातात कानस आणि हातोडी आली.

१८८५ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, त्याने मिलानच्या निरोने रस्त्यावर ७ क्रमांकाच्या जागेत स्वतःचे छोटेसे दुकान थाटले. दुकानात शस्त्रक्रियेची हत्यारे आणि विजेच्या घंट्या तयार होत. आणि सायकलीही! शस्त्रक्रियेचे हत्यार किंचितही वाकडे असून चालत नाही. अशा कामावर बसलेला हात जेव्हा सायकलीच्या नळ्या जोडू लागला, तेव्हा त्या जोडात सफाई आली असेल यात नवल ते काय?

त्या काळची सायकल तुम्ही पाहिली तर हसाल. पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच आणि मागचे अगदी लहान. पायडल पुढच्याच चाकाला. स्वार इतका उंच बसे की, खड्डा आला की तो सरळ तोंडावर आपटे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये दोन्ही चाके जवळजवळ सारखी असलेली, साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल निघाली. बियांकी यांनीही पुढचे चाक लहान केले आणि पायडल खाली आणले. १८८८ साली डनलॉप यांनी हवेचा टायर तयार केला. इटलीत तो सायकलीला बसवणाऱ्या पहिल्या लोकांत बियांकी होते. दगडी रस्त्यांवर हाडे खिळखिळी करणारी सायकल आता सुखाची झाली.

१८९५ साली बियांकी यांना मोन्झा येथील राजवाड्यातून बोलावणे आले. राणी मार्गेरिता हिला सायकल शिकायची होती. पायघोळ झगा घालून मधल्या दांडीवरून पाय टाकणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी राणीसाठी वेगळी फ्रेम घडवली. तिची दांडी खाली झुकवली. अनाथाश्रमात वाढलेला मुलगा राणीला सायकल शिकवू लागला. पुढे आपल्या मालावर राजघराण्याचे चिन्ह लावण्याची परवानगीही त्यांना मिळाली.

बियांकी सायकलींचा आकाशी-हिरवट रंग जगभर ओळखला जातो. इटलीत त्याला चेलेस्ते म्हणतात. कोणी म्हणतात तो राणीच्या डोळ्यांचा रंग, कोणी म्हणतात मिलानच्या आकाशाचा, तर कोणी सांगतात की लष्कराचा उरलेला रंग मिसळून तो झाला. तुम्हांला आवडेल ती गोष्ट खरी माना. मला तिसरी पटते, कारण कारखान्यात कोणतीच वस्तू वाया जाऊ देत नाहीत.

पण रंगाच्या आत काय असते ते पाहू. फ्रेमच्या नळ्या जिथे मिळतात तिथे पोलादाच्या टोप्या असतात. त्यांना लग म्हणतात. कारागीर प्रत्येक नळीचे टोक कानशीने घासून लगमध्ये नेमके बसवतो. मग जोड तापवून लालभडक करतो. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला पितळ वितळते आणि नळी व लग यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत आपोआप ओढले जाते. याला ब्रेझिंग म्हणतात. उष्णता कमी पडली तर पितळ आत शिरत नाही, जास्त झाली तर पोलादाचा कस जातो. ही उष्णता मोजायला कारागिराजवळ फक्त डोळे असतात. धातूचा रंग पाहून तो ज्योत मागे घेतो. जोड पक्का झाला की नाही, हे रंग दिल्यावर कोणालाच दिसत नाही. ते कारागिराला माहीत असते आणि पुढे घाट उतरताना स्वाराला कळते.

१८९७ साली इंग्लंडमधील आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. जोडाच्या जागी ताकद हवी, मध्ये नको. यामुळे फ्रेम हलकी झाली, पण पातळ नळी तापवणे आणखी नाजूक काम झाले.

शर्यतीत हलकी फ्रेम हवी असते. १८९९ साली तोम्मासेल्ली या स्वाराने बियांकीच्या सायकलवर पॅरिसची मोठी शर्यत जिंकली. १९११ साली गालेत्ती याने इटलीची प्रदक्षिणा, म्हणजे जिरो, जिंकली. पुढे इटलीच्या सैनिकांसाठी घडी होणारी सायकलही या कारखान्यात तयार झाली. मोटारसायकली निघाल्या, मोटारी निघाल्या. बियांकी मोठे कारखानदार झाले. तेव्हा ते स्वतः ज्योतीसमोर बसत नसत. नळीवर नाव बियांकी यांचे, पण जोड भरणारे हात दुसऱ्यांचे! उर्दूतला कारीगर मराठीत कारागीर होतो, आणि दोन्हीकडे त्याचे नाव बहुधा कोणी लिहून ठेवत नाही. अशा पडद्यामागच्या माणसांपैकी पिनेल्ला दे ग्रांदी या मेकॅनिकचे नाव मात्र उरले. लोक त्याला सोन्याची पक्कड म्हणत. फाउस्तो कोप्पी या थोर स्वाराची सायकल तो सांभाळी.

दुसऱ्या महायुद्धात मिलानवर बॉम्ब पडले. युद्ध संपले तेव्हा बियांकी ऐंशीच्या घरात होते. १९ मार्च १९४६ रोजी मिलान ते सान रेमो ही शर्यत पुन्हा भरली. रस्ते अजून उखडलेलेच होते. कोप्पी चेलेस्ते रंगाच्या बियांकी सायकलवर सुमारे १४७ किलोमीटर एकटाच पुढे राहिला आणि दुसऱ्या स्वारापेक्षा १४ मिनिटे आधी पोहोचला! थकलेल्या देशाला त्या दिवशी हुरूप आला.

त्यानंतर चारच महिन्यांच्या आत, ३ जुलै १९४६ रोजी, मोटार अपघातानंतर वारेसे येथे बियांकी यांचे निधन झाले. १९४९ साली कोप्पीने एकाच वर्षात इटलीची आणि फ्रान्सची प्रदक्षिणा जिंकली, ती पाहायला ते नव्हते.

आता शर्यतीच्या बहुतेक फ्रेम कार्बनच्या असतात आणि साच्यातून निघतात. तरी १९९७ सालापासून इटलीतील गायोले गावी एरोइका नावाचा मेळा भरतो. १९८७ पूर्वीची शर्यतीची सायकल घेऊन लोक मातीच्या रस्त्यांवरून जातात. त्यांत चेलेस्ते रंगाच्या कितीतरी सायकली दिसतात. काही शौकीन जुन्या फ्रेमला नवा रंग देत नाहीत. ओरखडे तसेच ठेवतात, आणि लगच्या कडेवर कानशीची खूण शोधत बसतात.