सुकाणूवर मॉली होती

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे डब्लिनला गेलो होतो. सकाळी मुलगी-जावई कामावर निघून जात आणि बाहेर पावसाची चिरचिर सुरू असे. घरात बसून कंटाळलो, म्हणून एक दिवस एकटाच राष्ट्रीय संग्रहालयात गेलो. कॉलिन्स बॅरॅक्स नावाच्या जुन्या लष्करी छावणीत ते आहे आणि तिकीटही नाही. तिथल्या एका उंच दालनात एक होडी कोरड्या जमिनीवर उभी करून ठेवली आहे. माझे बालपण मालवणच्या किनाऱ्यावर गेले, त्यामुळे होडी दिसली की माझे पाय आपोआप थांबतात. या होडीचे नाव ‘आस्गार्ड’. लांबी पन्नास फुटांच्या आसपास, डोलकाठ्या दोन. एका नवराबायकोची ही होडी, आणि तिने एका देशाच्या इतिहासाला धक्का दिला, असे कळल्यावर मी तिथून लवकर हललो नाही.

या होडीचा मालक अर्स्किन चिल्डर्स. आपल्याकडे पाली भाषेचा अभ्यास करणाऱ्यांना हे आडनाव अनोळखी नाही. त्याचे वडील रॉबर्ट सीझर चिल्डर्स सिलोनमध्ये सरकारी नोकरीत होते. तिथे त्यांना पालीची गोडी लागली आणि पुढे त्यांनी पाली-इंग्रजी शब्दकोश तयार केला. अर्स्किनचा जन्म १८७० सालचा, लंडनचा. तो सहा वर्षांचा असताना वडील क्षयाने गेले. आईलाही त्याच रोगाने गाठले. तिला मुलांपासून दूर ठेवण्यात आले आणि पुन्हा मायलेकरांची भेट झाली नाही. ही पाच पोरकी भावंडे आयर्लंडमधल्या विक्लो परगण्यात आजोळी वाढली. अर्स्किनचे शिक्षण, नोकरी सारे इंग्लंडमध्ये झाले, पण घर म्हटले की त्याला विक्लोचे डोंगर आठवत.

तो ब्रिटिश पार्लमेंटमध्ये कारकून झाला. बोअर युद्धात इंग्रजांच्या बाजूने स्वेच्छेने लढून आला. सुटी मिळाली की छोटी शिडाची होडी घेऊन समुद्रावर जायचे, हा एकच नाद. जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या अशाच भटकंतीतून १९०३ साली त्याची ‘द रिडल ऑफ द सँड्स’ ही कादंबरी आली. जर्मनी इंग्लंडवर समुद्रातून चढाई करील, असा इशारा देणारी ही हेरकथा खूप गाजली. तेव्हाचा चिल्डर्स साम्राज्याचा पक्का अभिमानी होता, हे लक्षात ठेवायला हवे.

त्याच वर्षी तो अमेरिकेत बोस्टनला गेला आणि तिथे त्याला मॉली ऑसगुड भेटली. ती डॉक्टरांची मुलगी. लहानपणी बर्फावर घसरून पडल्यामुळे तिच्या कमरेला कायमची इजा झाली होती. बालपणाची कितीतरी वर्षे अंथरुणात गेली आणि पुढेही आधाराशिवाय चालणे कठीणच राहिले. जानेवारी १९०४ मध्ये दोघांचे लग्न झाले. मॉलीच्या आईवडिलांनी लग्नाची भेट म्हणून जावयाला आणि लेकीला एक होडी बांधून दिली. नॉर्वेमधल्या लारविक गावी कॉलिन आर्चर या नामांकित कारागिराने १९०५ साली ती बांधली. तीच ही ‘आस्गार्ड’.

जिला रस्त्यावर चार पावले टाकणे जड, तिला आहेरात होडी! मला हे वाचून आधी नवल वाटले. मग लहानपणी पाहिलेले आठवले. सुकाणू धरणाऱ्याला चालावे लागत नाही. त्याला लागतो हाताचा जोर, वाऱ्यावरची नजर आणि थंड डोके. मॉलीजवळ हे तिन्ही होते. जमिनीवर तिला नवऱ्याच्या हाताचा आधार लागे, पाण्यावर मात्र नवरा तिच्या हाती सुकाणू देऊन निर्धास्त शिडे सांभाळी. संसारात याहून मोठा विश्वास कोणता?

पुढे हाच विश्वास पणाला लागला. आयर्लंडला ‘होमरूल’ म्हणजे स्वराज्य द्यावे, हा प्रश्न तेव्हा पेटला होता. आपल्याकडे लोकमान्यांनी १९१६ साली होमरूल लीग काढली, तो शब्द तिकडचाच. उत्तरेकडच्या स्वराज्यविरोधकांनी एप्रिल १९१४ मध्ये हजारो बंदुका चोरून आणल्या आणि सरकारने त्याकडे कानाडोळा केला. हा दुजाभाव चिल्डर्सला सहन झाला नाही. स्वराज्यवाद्यांसाठी लंडनमध्ये मित्रमंडळींनी वर्गणी जमवली आणि हॅम्बुर्गमध्ये दीड हजार जुन्या मॉझर बंदुका खरेदी झाल्या. पण त्या आणायच्या कशा? चिल्डर्सने आपली होडी पुढे केली. आणि मॉली घरी थांबली नाही.

३ जुलै १९१४ रोजी वेल्समधल्या कॉनवे बंदरातून ‘आस्गार्ड’ निघाली. होडीवर नवराबायको, मेरी स्प्रिंग राइस ही मैत्रीण, एक मित्र आणि डोनेगलचे दोन कोळी, एवढीच माणसे. १२ जुलैला बेल्जियमच्या किनाऱ्याजवळ भर समुद्रात हॅम्बुर्गहून आलेली बोट भेटली. रात्रभर माल उतरवून घेण्याचे काम चालले. नऊशे बंदुका आणि एकोणतीस हजार काडतुसे या होडीत चढली. बाकीचा माल दुसऱ्या एका होडीने घेतला. ‘आस्गार्ड’ची खोली बंदुकांनी इतकी भरली, की त्यांच्यावरच गाद्या पसरून सगळी झोपू लागली.

परतीचा प्रवास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याने होता. वाटेत एका रात्री ब्रिटिश आरमाराच्या कवायती चालू होत्या आणि ही होडी नेमकी त्यांच्यात सापडली. एक विनाशिका तर अंगावर येता येता वाचली. पुढे मिलफर्ड हेवन, मग होलीहेड अशी बंदरे घेत होडी आयरिश समुद्रात शिरली, तेव्हा मोठे वादळ उठले. त्यातूनही ती निभावली.

रविवार, २६ जुलै. डब्लिनजवळच्या हाऊथ बंदरात भरतीची वेळ साधणे आवश्यक होते. खूण सांगायला यायची मोटारबोट आलीच नाही. आत काय वाढून ठेवले आहे, कोणालाच ठाऊक नव्हते. ठरल्याप्रमाणे मेरी लाल झगा घालून डेकवर उभी राहिली, आणि होडी आत शिरली ती मॉलीच्या हाताने. धक्क्यावर शेकडो स्वयंसेवक वाट पाहत होते. अर्ध्या तासात होडी रिकामी झाली.

हे यश निर्भेळ नव्हते. त्याच संध्याकाळी डब्लिनमध्ये सैनिकांनी जमावावर गोळीबार केला आणि निरपराध माणसे मेली. त्या बंदुकांपैकी काही १९१६ च्या ईस्टर उठावात वापरल्या गेल्या. चिल्डर्स स्वतः मात्र महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश नौदलाच्या विमानदलात गेला आणि त्याने शौर्यपदक मिळवले. दोन देशांवर प्रेम करणाऱ्या माणसाची ओढाताण यातून कळते. १९१९ मध्ये त्याने निवड केली आणि तो कायमचा आयर्लंडचा झाला. १९२१ च्या करारात तो आयरिश शिष्टमंडळाचा सचिव होता, पण करार त्याला अपुरा वाटला. यादवी पेटली. कालचे सोबती वैरी झाले. नोव्हेंबर १९२२ मध्ये विक्लोच्या त्याच आजोळघरी तो पकडला गेला. त्याच्याजवळ एक छोटे पिस्तूल सापडले. ते मायकेल कॉलिन्सने मैत्रीच्या दिवसांत दिलेली भेट होती. पिस्तूल बाळगल्याच्या आरोपावरून स्वतंत्र आयर्लंडच्याच सरकारने त्याला २४ नोव्हेंबर रोजी गोळ्या घातल्या.

त्यापूर्वी त्याने बंदुका घेऊन उभ्या असलेल्या प्रत्येक जवानाशी हस्तांदोलन केले. सोळा वर्षांच्या मुलाकडून त्याने वचन घेतले होते, की माझ्या मृत्यूच्या हुकमावर सह्या करणाऱ्या प्रत्येकाशी तू हात मिळवायचास. सूड नको. हा मुलगा, अर्स्किन हॅमिल्टन चिल्डर्स, १९७३ साली आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला.

मॉली पतीच्या मागे चाळीसहून अधिक वर्षे जगली. होडी विकली गेली होती. १९६१ मध्ये आयरिश सरकारने ती परत मिळवली. ज्या दालनात ती आज उभी आहे, त्या छावणीला नाव आहे ते मायकेल कॉलिन्सचे. पिस्तूल देणारा आणि त्याच पिस्तुलापायी प्राण गमावणारा, दोघे शेवटी एकाच छताखाली आले.

निघताना मी होडीच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. तिथे बसून त्या बाईने तेवीस दिवस वारा आणि लाटा पाहिल्या असतील. घरी आल्यावर मुलीने विचारले, दिवसभर काय पाहिले? मी म्हणालो, एका जोडप्याचा आहेर पाहिला.