निवडुंगाचे काटे घालवणारे ल्यूथर बरबँक

पाऊस लांबला की बारामती-इंदापूरच्या जिरायती पट्ट्यात पहिली चिंता चाऱ्याची असते. बांधावरचा फड्या निवडुंग तेव्हाही हिरवा असतो. पण काट्यांमुळे जनावरे त्याला तोंड लावत नाहीत. दुष्काळात काटे जाळून तो जनावरांना घातला जाई. हे काटेच नाहीसे करण्याचा ध्यास अमेरिकेतील ल्यूथर बरबँक यांनी घेतला होता.

७ मार्च १८४९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील लँकेस्टर येथे शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. विद्यापीठाचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. तरुणपणी बटाट्याच्या एका फळातल्या २३ बिया लावून त्यांनी नवे वाण निवडले. त्याचे हक्क १५० डॉलरला विकून १८७५ मध्ये ते कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे गेले. फ्रेंच फ्राईजसाठी आज वापरला जाणारा रसेट बरबँक बटाटा त्याच वाणातून आला.

कमी काट्यांचे निवडुंग आधीही होते. मेक्सिको आणि इतर देशांतून असे वाण गोळा करून बरबँक यांनी त्यांचा काटक, जोमदार जातींशी संकर केला. हजारो रोपांतून मोजकीच ठेवली, बाकीची नष्ट केली. पानासारख्या दिसणाऱ्या फड्यांवरची केसासारखी बारीक कुसळे सर्वांत त्रासदायक. ती त्यांच्या कातडीत सतत रुतत. अखेर १९०७ मध्ये त्यांनी बिनकाट्यांचे वाण विक्रीला काढले.

वाळवंट हिरवे होणार, असा गाजावाजा झाला आणि फड्या चढ्या भावाने विकल्या गेल्या. पण काट्यांबरोबर झाडाचे संरक्षणही गेले होते. कुंपण नसेल तर जनावरे ते मुळासकट फस्त करत, कडक थंडीही सोसत नसे. विक्रीसाठी निघालेली कंपनी काही वर्षांतच बुडाली. नोंदी नीट न ठेवल्याबद्दल शास्त्रज्ञांनीही बरबँक यांना दोष दिला. कार्नेगी संस्थेचे अनुदान थांबले. ११ एप्रिल १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर आठशेहून अधिक वाणे आहेत.

निवडुंग रात्री रंध्रे उघडतो, म्हणून त्याला पाणी कमी लागते. लागवड फड्यांपासूनच करावी. बियांच्या रोपांना काटे परतू शकतात. कापलेली फडी काही दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी, मगच निचऱ्याच्या जमिनीत लावावी. पाणी साचले तर ती कुजते. फडीत बहुतांश पाणीच असल्याने नुसता निवडुंग घातल्यास जनावरांना पातळ शेण होते. सोबत कडबा हवाच.

बिनकाट्यांच्या निवडुंगावर उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने काम केले आहे. बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत याच कुळातल्या ड्रॅगन फ्रूटवर संशोधन होते. बरबँक यांचा निवडुंग अशा भागात उपयोगी पडू शकतो, मात्र लागवडीआधी कुंपण घालायला हवे.